३ महिन्यांचं बाळ, डावा कप्पा फुगलेला, इएफ २५: ‘डीसीएम’ लिहिण्याआधी डावी कोरोनरी कशी बघायची?

उपजिल्हा_बालरोग

बाळ ३ महिन्यांचं, वजन ४.२ किलो. दूध पिताना घामाघूम होतं, दोन मिनिटांत सोडून रडायला लागतं, धाप आहे. सॅच्युरेशन ९७. एक्स-रेत हृदय मोठं. इकोत डावा कप्पा चांगलाच फुगलेला, इएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा) २५ ते ३०, माइट्रल झडपेची मध्यम गळती. एएसडी, व्हीएसडी (वरच्या किंवा खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र), पीडीए (एओर्टा आणि पल्मनरी जोडणारी, जन्मानंतर बंद व्हायची वाहिनी, म्हणजेच डक्ट) नाही. रिपोर्टात डीसीएम, म्हणजे स्नायू कमजोर होऊन हृदय फुगणं, आणि त्यामागे मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, असं धरलंय: ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, मायोकार्डायटिसनंतरची असू शकेल. डावी कोरोनरी एओर्टातून निघताना दिसते.’

अशा बाळात अल्कापा, म्हणजे डावी कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी धमनी) एओर्टाऐवजी पल्मनरी आर्टरीतून निघणं, नाकारल्याशिवाय डीसीएम म्हणू नये हे ठाऊक आहे. प्रश्न असा की वरच्या शेवटच्या वाक्याने तो नाकारला गेला का? मशीन मोठ्यांच्या कार्डिऑलॉजीचं आहे. ४ मेगाहर्ट्झचा सेक्टर प्रोब, ८ चा लहान मुलांचा प्रोब आणि एक लिनिअर एवढं सोबत आहे. इको पुन्हा करायचा तर नेमकं काय बघायचं, आणि मोठ्या केंद्राला कोणत्या क्लिप पाठवायच्या?

बालहृदय_इको

नाही, त्या वाक्याने काहीच नाकारलं जात नाही. अल्कापा हुकतो तो बहुतेक वेळा याच वाक्याच्या भरवशावर. काळ्यापांढऱ्या चित्रात एओर्टाच्या डाव्या सायनसला (झडपेवरच्या फुगवट्याला) चिकटलेली एक नळी दिसली, एवढाच त्याचा अर्थ होतो. एओर्टा आणि पल्मनरी यांच्या मागून पेरिकार्डियमची एक फट जाते, ट्रान्सव्हर्स सायनस. तीही काळी, तीही नळीसारखी, आणि नेमकी डाव्या सायनसला टेकलेली. शिवाय पल्मनरीतून निघालेली कोरोनरीसुद्धा एओर्टाच्या भिंतीला खेटूनच पुढे जाते. मधली पातळ भिंत किरणाला समांतर आली की चित्रातून गळते, आणि नळी एओर्टात उघडल्याचा भास होतो. म्हणून कलर डॉप्लरमध्ये एओर्टाकडून कोरोनरीत रक्त जाताना दिसलं तरच उगम नॉर्मल म्हणायचा. चांगल्या प्रोबने, शांत झोपलेल्या बाळातही हा भास होतो, त्यामुळे इको करणाऱ्याचा हात कच्चा होता असं समजू नका.

वय तीन महिने ही गोष्टच संशय वाढवणारी आहे. जन्मतः फुप्फुसातला दाब जास्त असतो, त्यामुळे पल्मनरीतून निघालेल्या कोरोनरीतही रक्त पुढेच जातं. अशुद्ध असलं तरी दाबाने जातं. बाळ ठणठणीत, इकोही बरा. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरला की डाव्या कोरोनरीचा प्रवाह आधी मंदावतो आणि मग उलटा फिरतो. उजव्या कोरोनरीतून जोडवाहिन्यांमार्फत डावीत, डावीतून पल्मनरीत. स्नायूत शिरण्याऐवजी रक्त कमी दाबाच्या वाटेने निघून जातं. दूध पिणं हाच या वयातला व्यायाम, म्हणून त्रास दुधाच्या वेळी दिसतो आणि घरचे पोटदुखी समजतात.

आता बघायचं कसं. डाव्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या फटीत पॅरास्टर्नल शॉर्ट ॲक्सिस (छातीच्या हाडाशेजारून आडवा छेद) घ्या, एओर्टिक झडप मधोमध. घड्याळ मानलं तर डावी कोरोनरी साधारण ४ वाजता निघते, उजवी १० ते ११ च्या दरम्यान. डावीसाठी प्रोब किंचित घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे मुख्य खोड लांबीत उघडतं. ते पुढे एलएडी (पुढे येणारी फांदी) आणि सर्कम्फ्लेक्स (मागे जाणारी) असं दुभंगताना दिसलंच पाहिजे. ट्रान्सव्हर्स सायनसला फांद्या फुटत नाहीत.

मग कलर लावा आणि फक्त डायस्टोल (हृदय सैल पडण्याचा काळ; सिस्टोल म्हणजे आकुंचनाचा) बघा. एलएडी प्रोबच्या दिशेने पुढे येते, म्हणून नॉर्मल प्रवाह लाल. अल्कापात, दाब उतरल्यावर, तीच एलएडी निळी. इथे गल्लत होते ती सर्कम्फ्लेक्समुळे: ती मागे जाते, तिचा नॉर्मल प्रवाह निळाच असतो. तेव्हा निळं दिसलं की घाबरायचं नाही, आधी आपण कोणत्या फांदीवर आहोत ते ठरवायचं. मुख्य खोड पडद्यावर जवळपास आडवं असतं, तिथे डॉप्लरचा कोन वाईट आणि रंग फसवा. निकाल एलएडीवरच घ्या. १ ते २ मिमीचा सॅम्पल ठेवून पल्स डॉप्लर मारा. डायस्टोलिक प्रवाह रेषेच्या वर म्हणजे पुढे, खाली म्हणजे उलटा.

त्यानंतर पल्मनरी. झडपेच्या जरा वर, मागच्या किंवा डाव्या भिंतीतून डायस्टोलमध्ये आत शिरणारी बारीक लाल धार शोधा. डायस्टोलमध्ये निरोगी पल्मनरी जवळजवळ काळी असते, म्हणून क्लिप थांबवून टी लाटेनंतरच्या फ्रेम एकेक करून पुढे न्या. चालत्या क्लिपमध्ये मिनिटाला १५० ठोक्यांच्या गतीला ही धार डोळ्यांना सापडत नाही. मुख्य पल्मनरीत नाही मिळाली तर उजव्या पल्मनरीचाही उगम बघा, क्वचित कोरोनरी तिथून निघते.

आडून मिळणारे पुरावेही आहेत. माइट्रलला धरणारे पॅपिलरी स्नायू आणि त्याभोवतीचं अस्तर पांढरं, चकचकीत दिसणं हा मोठा इशारा. साध्या डीसीएममध्ये ते सहसा इतके उजळ नसतात. उजवी कोरोनरी मोठी आहे का ते आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. या वजनाला ती साधारण १ ते १.५ मिमी असायची. झेड-स्कोअर (त्या आकाराच्या बाळांच्या सरासरीपासूनचं अंतर) २ च्या वर गेला तर संशय पक्का होतो. पण उलट वाचू नका. जोडवाहिन्या अजून वाढलेल्या नसतील तर अल्कापातही उजवी नॉर्मल मापाची असते, आणि नेमकी तीच बाळं लवकर ढासळतात.

प्रोबवाला

सेटिंगचं मी लिहितो, कारण मशीन मोठ्यांचं आहे म्हणजे प्रीसेटही मोठ्यांचाच असणार.

४ चा प्रोब बाजूला ठेवा. ४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळपास ०.४ मिमी होते, ८ ला ०.२ च्या आत. सव्वा मिमीची नळी जवळपास अर्ध्या मिमीच्या पट्टीने मोजायची, असला तो प्रकार. ८ वाल्यावर पेडियाट्रिक प्रीसेट असेल तर तो, नसेल तर हाताने करा: डेप्थ ४ ते ५ सेमी, सेक्टर अरुंद, फोकस एओर्टाच्या पातळीवर, डायनॅमिक रेंज कमी करून कडा ठळक, पर्सिस्टन्स शून्याकडे. हार्मोनिक एकदा बंद करून बघा. इतक्या जवळच्या अंतरावर पुष्कळदा फंडामेंटलमध्येच भिंती जास्त रेखीव येतात.

कलरमध्ये मुख्य चूक स्केलची. मोठ्यांच्या प्रीसेटला नायक्विस्ट, म्हणजे कलर स्केलची वेगमर्यादा, ६० ते ७० सेमी/सेकंद असतो. कोरोनरीतला हळू प्रवाह त्यात रंगतच नाही, आणि रिपोर्टात येतं ‘ॲबनॉर्मल फ्लो नाही’. स्केल २० ते ३० वर आणा, वॉल फिल्टर सर्वांत खाली. गेन इतका वाढवा की चित्रभर ठिपके उडतील, मग ठिपके जेमतेम जाईपर्यंत कमी करा. कलरची चौकट नखाएवढी ठेवा, नाहीतर फ्रेम रेट पडतो. २५ च्या खाली गेला तर डायस्टोल हुकलाच समजा. स्केल खाली आणल्यावर सिस्टोलमध्ये सगळी पल्मनरी रंगांची रांगोळी होणार. होऊ दे, आपल्याला ती फ्रेम नकोच आहे.

ईसीजीच्या तीन लीड लावा. बारीक बाळाला चिकटत नाहीत म्हणून सगळीकडे सोडून देतात, आणि मग क्लिप बघणाऱ्याला सिस्टोल कुठला, डायस्टोल कुठला ते झडपेवरून ताडावं लागतं. खांद्यावर, पोटावर कुठेही लावा, लाट दिसली की झालं.

लिनिअर प्रोब फार बारीक छातीत कोरोनरीचं चित्र छान देतो, पण बरगड्यांची सावली पडते आणि कलरचा कोन बदलता येईल तितकाच. ८ वाला चालत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

कार्डिओ_आयसीयू

बाळ रडत असेल तर वरचं काहीच जमणार नाही. अर्धवट पाजून, गुंडाळून, आईच्या हातात, खोलीतला दिवा मंद, जेल कोमट. बऱ्याचदा एवढ्यावर दहा मिनिटं मिळतात, आणि त्या दहा मिनिटांत आधी कोरोनरी, मग बाकीचं. नेहमीच्या क्रमाने पोटापासून सुरुवात केली तर एओर्टापर्यंत पोचेतो बाळ उठलेलं असतं. ट्रायक्लोफॉस ५० मिग्रॅ प्रतिकिलो देतात, पण इएफ २५ असलेल्या बाळाला औषधाने झोपवायचं तर मॉनिटर, अंबू बॅग आणि ती वापरणारा माणूस शेजारी हवा. तो नसेल तर औषध नको.

ईसीजी काढलाय का? प्रश्नात उल्लेख नाही. इकोच्या आधी १२ लीडचा ईसीजी हवा. लीड १ आणि एव्हीएलमध्ये खोल, रुंद क्यू लाट: खोली ३ मिमीपेक्षा जास्त, रुंदी ३० मिलिसेकंदांहून जास्त, म्हणजे २५ च्या गतीला पाऊण बारीक चौकोन. सोबत व्ही४ ते व्ही६ मध्ये क्यू, टी उलटी. लीड २, ३, एव्हीएफमधली क्यू या वयात नॉर्मल असते, तिच्यावर वेळ घालवू नका. एव्हीएलमधली मात्र सोडायची नाही. ती असेल तर इको काहीही म्हणो, बाळ मोठ्या केंद्राकडे जातं. नसेल तरी अल्कापा सुटला असं नाही.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला आला म्हणून मायोकार्डायटिस ठरत नाही. स्नायूला रक्त मिळालं नाही तरी तो वाढतोच.

उपजिल्हा_बालरोग

ईसीजी काढला. एव्हीएलमध्ये क्यू ४ मिमी, टी उलटी. स्केल २५ वर आणून ८ च्या प्रोबने पुन्हा बघितलं. दोन गोष्टी नव्या दिसल्या आणि दोन्हींबद्दल मतभेद आहेत. पडद्यात, म्हणजे सेप्टममध्ये, रंगाचे बरेच बारीक ठिपके. त्यांना ‘अनेक छोटे मस्क्युलर व्हीएसडी’ म्हटलं जातंय. आणि पल्मनरीत एक लाल धार, तिला ‘छोटा पीडीए’. एलएडी नीट पकडता येत नाही, कधी निळी वाटते. खरंच पीडीए आणि व्हीएसडी असतील तर मग डावा कप्पा त्यामुळेच फुगला, असा युक्तिवाद चालू आहे.

बालहृदय_इको

युक्तिवाद टिकत नाही. छोट्या पीडीएने आणि टाचणीएवढ्या व्हीएसडींनी इएफ २५ होत नाही. शंट, म्हणजे छिद्रातून किंवा डक्टमधून आडवाटेने जाणारं रक्त, मोठा असेल तर डावा कप्पा फुगतो, पण जोरात आकुंचन पावतो.

सेप्टममधल्या ठिपक्यांची वेळ बघा. व्हीएसडीचा प्रवाह सिस्टोलचा आणि तो पडदा ओलांडून उजव्या कप्प्यात उतरतो. उजव्या-डाव्या कोरोनरीमधल्या जोडवाहिन्यांचा प्रवाह डायस्टोलचा, आणि तो पडद्याच्या जाडीतच सरपटतो, बाहेर पडत नाही. स्केल परत ६० वर नेलात तर जोडवाहिन्यांचे ठिपके बहुतेक मावळतील. व्हीएसडीची धार वेगवान असते, ती राहील. मात्र स्केल खाली असताना निरोगी बाळातही सेप्टममध्ये एखादी बारीक रेघ रंगते. एक-दोन रेघांना अर्थ नाही, ‘बरेच’ ठिपक्यांना आहे.

पल्मनरीतल्या धारेचा पत्ता विचारा. पीडीए दुभंगाजवळ, डाव्या पल्मनरीच्या तोंडाशी उघडतो आणि धार भिंतीने खाली झडपेकडे येते. ती सिस्टोल-डायस्टोल दोन्हींत चालू असते आणि पल्मनरीचा दाब उतरलेला असेल तर वेग ३ ते ४ मी/सेकंद मिळतो. कोरोनरीची धार झडपेच्या वर थोड्याच अंतरावर भिंतीतून फुटते, मुख्यतः डायस्टोलची, वेग कमी. तिसरा संशयित म्हणजे पल्मनरी झडपेची साधी गळती. ती लाल असते आणि डायस्टोलमध्येच असते, पण झडपेच्या पानांतून निघून उजव्या कप्प्याकडे जाते. धार झडपेच्या कोणत्या बाजूला आहे एवढं बघितलं की हा गोंधळ मिटतो. कोरोनरी फिस्टुलाही (कोरोनरीची पल्मनरीशी झालेली आडजोड) पल्मनरीत अशीच धार सोडते, मात्र त्यात डाव्या कोरोनरीचा उगम एओर्टातून रंगासकट दिसतो.

सुप्रास्टर्नलमधून (गळ्याच्या खळग्यातून) एकदा डक्टची जागा बघून घ्या. तिथे पीडीए नसेल तर ही धार कोरोनरीशिवाय दुसऱ्या कशाची असणं अवघड आहे. आणि ‘छोटा पीडीए, बंद करून टाकू’ असं कोणी म्हणेल तर आधी कोरोनरी दाखव म्हणावं. मोठ्या पीडीएसोबत अल्कापा असेल तर पल्मनरीतला दाब टिकून राहतो आणि त्यावरच डाव्या कोरोनरीला रक्त मिळत असतं. तो बंद केला की स्नायूचा आधार गेला.

सीटीवाला

इतकं खणण्यापेक्षा सरळ सीटी करा. इएफ कमी असलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची कोरोनरी सीटी अँजिओ केली की वादच नको.

कार्डिओ_आयसीयू

प्रत्येकाची नको. १५० च्या गतीला कोरोनरी दिसायला ईसीजीशी जुळवलेला, वेगवान स्कॅनर लागतो. साध्या मशीनवर काढलेल्या सीटीत हीच मुख्य खोडाची जागा धूसर येते आणि पुन्हा तेच वाक्य, ‘एओर्टातून निघाल्यासारखी वाटते’. वर कॉन्ट्रास्ट, किरणोत्सर्ग आणि खराब हृदयाच्या बाळाला झोपवणं आलं. इकोत उलटा प्रवाह आणि पल्मनरीतली धार दोन्ही स्वच्छ असतील तर सर्जन बहुधा त्यावरच घेतील. इको अर्धवट असेल किंवा ईसीजी आणि इको जुळत नसतील तेव्हा सीटी, आणि तीही जिथे ऑपरेशन होणार तिथेच.

निघेपर्यंतचं: सॅच्युरेशन ९७ आहे, तर ऑक्सिजन लावून ठेवू नका. ऑक्सिजनने फुप्फुसाच्या वाहिन्या सैल होतात, पल्मनरीतला दाब आणखी उतरतो आणि डाव्या कोरोनरीतून चोरी वाढते. सिल्डेनाफिल या पल्मनरीचा दाब उतरवणाऱ्या औषधाचं तेच. डायस्टोलिक बीपी पाडणारी औषधं जपून, कारण आता सगळं हृदय उजव्या कोरोनरीच्या दाबावर जगतंय. फ्युरोसेमाइड चालू ठेवा, दूध थोडं थोडं, गरज पडली तर नळीने. पुढचं त्या केंद्राशी फोनवर बोलून.

आणि या बाळात अल्कापाकडे काटा झुकलाय म्हणून बाकीच्या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी सोडू नका, सगळ्या बिछान्याशेजारी होतात. मांडीची नाडी आणि चारही हातापायांचं बीपी, कोआर्क्टेशनसाठी (एओर्टा मध्येच अरुंद असणं). इथे सुप्रास्टर्नलचा ग्रेडियंट (अरुंद जागेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) कमी आला म्हणून समाधान मानू नये. कप्पाच दमलेला असेल तर ग्रेडियंट तयार होत नाही. पोटातल्या एओर्टात पल्स डॉप्लर मारा: लाट बसकी आणि डायस्टोलमध्ये शेपूट लांबलेलं असेल तर वर अडथळा आहे. आयनाइज्ड कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, ईसीजीवर क्यूटीसी. आईला व्हिटॅमिन डी कमी आणि बाळ फक्त अंगावर, अशात कॅल्शियम पडून हुबेहूब डीसीएमचं चित्र येतं आणि ते कॅल्शियम दिल्यावर सुधारतं. झोपेतही गती १८० च्या वर एकाच आकड्याला अडकलेली असेल तर पी लाटेचा आकार बघा, सततच्या जलद लयीनेही हृदय दमतं.

बालहृदय_इको

पाठवायच्या क्लिप, प्रत्येक तीन ठोक्यांची, ईसीजीसकट: शॉर्ट ॲक्सिसमध्ये डावी कोरोनरी आधी बिनरंगाची, मग तीच जागा कलरमध्ये स्केल २५ ला. एलएडीचा पल्स डॉप्लर. मुख्य पल्मनरी कलरमध्ये, दुभंग आणि झडप दोन्ही एकाच चौकटीत येतील अशी. सेप्टम शॉर्ट ॲक्सिसमध्ये कलरसह, स्केल २५ ला एकदा आणि ६० ला एकदा. चार कप्प्यांचं दृश्य, पॅपिलरी स्नायू दिसतील असं, आणि माइट्रलची गळती. फोनने पडद्याचा व्हिडिओ काढून पाठवू नका, रंगाची दिशा सांगणारी पट्टी त्यात कापली जाते. मशीनमधून एक्स्पोर्ट करा.

इएफ एम-मोडवर (एकाच रेघेवरचं माप) काढला असेल तर पुन्हा सिम्प्सनने (पूर्ण कप्प्याच्या कडेवरून) काढा. अल्कापात पुढची-बाजूची भिंत आणि टोक जास्त मार खातात आणि एम-मोडची रेघ त्यांना टाळूनच जाते. इएफ कमी आहे म्हणून ऑपरेशनला घेणार नाहीत अशी भीती घरच्यांना असते. त्यांना सांगा की या आजारात रक्ताची वाट सुधारणं हाच इएफचा इलाज आहे. कोरोनरी कापून एओर्टात बसवतात; अंतर जमत नसेल तर पल्मनरीच्या आतून बोगदा करतात, ताकेउची पद्धत. स्नायू तगलेला असेल तर तो पुढच्या काही महिन्यांत सावरतो, माइट्रलची गळतीही बऱ्याचदा त्याबरोबर कमी होते, म्हणून पहिल्याच ऑपरेशनमध्ये झडपेला सहसा हात लावत नाहीत. न केल्यास मात्र बहुतेक बाळं पहिलं वर्ष पार करत नाहीत. ब्लँड, व्हाइट आणि गारलँड यांनी १९३३ साली वर्णन केलं ते असंच तीन महिन्यांचं बाळ होतं.

उपजिल्हा_बालरोग

सुप्रास्टर्नलमधून बघितलं, डक्ट नाही. धार झडपेच्या वर, मागच्या भिंतीतून. ठिपके ६० ला गेले. क्लिप एक्स्पोर्ट करून पाठवल्या, ऑक्सिजन काढला. आयनाइज्ड कॅल्शियम नॉर्मल. मांडीची नाडी चांगली लागते.

सीटीवाला

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला आजच कळवून आरबीएसकेमधून (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) रेफर करा, आणि रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला घरच्यांसोबत द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीला तेच लागतात. रेफरलच्या चिठ्ठीत मात्र ‘डीसीएम’ हा शब्द कुठेच नको, नाहीतर तिकडे ओपीडीच्या रांगेत लागेल. ‘अल्कापाचा दाट संशय, एव्हीएलमध्ये क्यू, पल्मनरीत डायस्टोलिक धार, तातडीचं’ एवढं पहिल्या ओळीत लिहा.